बाईमाणसाचं ‘मी येतो’

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर घोटाळा नको. हे लिहिणारी मी बाई आहे. नाव मनुबाई, आडनाव हावळ, राहणार वडगाव, बेळगाव. वर जे ‘ठेवतो’ लिहिलंय ती माझ्या हाताची चूक नाही आणि छापणाऱ्याचीही नाही. आमच्याकडं बायका असंच बोलतात. मी येतो, मी जातो, मी जेवलो, मी दमलो. माझी आई असं बोलते, तिची आई असंच बोलायची. शेजारची मालुबाई नवऱ्याशी भांडताना ‘मी माहेराला चाललो बघ’ म्हणते, आणि ती बाई आहे याबद्दल तिच्या नवऱ्याला आजवर शंका आलेली नाही. ‘तो येतो’ आणि ‘ती येती’ यातला फरक आम्हाला चांगला कळतो. फक्त स्वतःबद्दल बोलताना आम्ही बाई की पुरुष हे सांगत बसत नाही.

पुस्तकातलं मराठी मला येत नाही असं कुणी समजू नये. बी.ए.ला मराठीच घेतलं होतं, त्यावर बी.एड. केलं. पेपरात ‘मी गेले, मी आले’ असं लिहूनच मार्क मिळवले. पण हा काही पेपर नाही. इथं मी माझ्या तोंडचंच लिहिणार, ज्याला खटकेल त्यानं खटकून घ्यावं.

गोष्ट सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची. टिळकवाडीतल्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होतो. आमचं घर विणकराचं. वडील सिद्राम हावळ यांच्या हातची साडी शहापूरच्या पेठेत नावानं मागितली जायची. पुढं त्यांची नजर अधू झाली, तुटलेला धागा दिसेना, आणि आमचा माग बंद पडला. आई दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. घरात महिन्याचा पगार आणणारी मी पहिलीच. पण नोकरी अजून टेंपररी होती. दर जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही म्हणून जीव टांगणीला लागायचा. कायमची ऑर्डर हातात पडली की वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेला करायचं असं आम्ही ठरवून ठेवलं होतं.

त्या वर्षी शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या, पुण्याच्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. बाई वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगतो. मला ताप आला तेव्हा टिळकवाडीतून वडगावला रिक्षा करून आल्या, येताना मऊ भाताचा डबा घेऊन आल्या, आमच्या बंद मागाला हात लावून नमस्कार केला. त्यांना आमच्याबद्दल फार वाटायचं. ‘तुम्ही सीमाभागातल्या लोकांनी मराठीसाठी केवढं सोसलंय’ म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. आमचे भरायचे नाहीत, त्यामुळे थोडी पंचाईत व्हायची. आपण सोसणारे आहोत असं आम्ही कधी स्वतःकडं बघितलेलंच नव्हतं. आम्ही भांडणारे होतो. बसमध्ये कंडक्टरशी कानडीत भांडायचं, घरी आल्यावर ते मराठीत रंगवून सांगायचं, असं आमचं चाललेलं असायचं.

पहिला खटका चहावरून उडाला. शिक्षकांच्या खोलीत शिपाई चहा घेऊन आला, मी म्हणालो, “ठेव तिथं. मी घेतो नंतर.”

मोठ्या बाईंनी मान वर केली. “मनुबाई, तुम्ही पुरुषासारखं का हो बोलता?”

मला आधी कळलंच नाही. आवाज मोठा झाला की काय वाटून मी हळू आवाजात म्हणालो, “नंतर घेतो म्हटलं.”

“तेच. घेतो नाही, घेते. तुम्ही बाई आहात ना?”

खोलीतल्या बाकीच्या बायका कपात बघायला लागल्या. त्या घरी काय बोलतात ते मला ठाऊक होतं. एक खानापूरची, एक शहापूरची, एक खासबागेतली. पण टिळकवाडीची कमान ओलांडली की त्यांच्या जिभेवर ‘घेते’ यायचं, पायातल्या चपला बाहेर काढून ठेवाव्यात तसं त्या आपलं बोलणं बाहेर ठेवून यायच्या. पुरुष शिक्षकांचं काम सोपं होतं. त्यांचं ‘घेतो’ घरीही चालायचं, शाळेतही चालायचं आणि पुण्यातही चाललं असतं.

“आमच्याकडं ‘मी’ला बाई-पुरुष नसतं, बाई,” मी म्हणालो. “कानडीत बघा, ‘ना बरतीनि’ म्हणजे मी येतो. बाई म्हणो नाहीतर बाप्या, तेच.”

“म्हणजे हा कानडीचा परिणाम आहे,” त्या हळहळून म्हणाल्या. “तोच तर आपल्याला पुसायचाय.”

मला राग आला. “माझी आई सीमेच्या सत्याग्रहात जेलात जाऊन आली, बाई. सगळे निघाले तेव्हा ‘थांबा, मी पण येतो’ म्हणून ती निघाली. आधी ‘येते’ म्हण, मग चल, असं तेव्हा तिला कुणी अडवलं नव्हतं.”

मोठ्या बाईंचे डोळे पुन्हा भरले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “म्हणूनच म्हणते, मनुबाई. ज्या भाषेसाठी आईनं एवढं केलं, ती तुमच्या तोंडी शुद्ध नको का?” चांगल्या माणसाशी भांडायला मला जमत नाही. मी चहा प्यालो आणि वर्गावर गेलो.

जानेवारीत शाळेचे सेक्रेटरी अप्पासाहेब यांनी मला ऑफिसात बोलावलं. अप्पासाहेब वकील. मूळचे येळ्ळूरचे, आता टिळकवाडीत बंगला. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापक येणार आहेत. त्यांची एक संस्था आहे, ती सीमाभागातल्या मराठी शाळांना मदत करते. ते एक पाठ बघतील. तो पाठ मराठीचा, आठवीवर, आणि मी घ्यायचा. पाठ चांगला झाला की माझी कायमची ऑर्डर निघाली म्हणून समजायचं.

“फक्त एक बघा,” शेजारी बसलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या. “पाहुण्यांसमोर तुमच्या किंवा मुलींच्या तोंडून ते ‘गेलो-आलो’ यायला नको. त्यांना वाटेल, ही कसली मराठी शाळा!”

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, आनंदानं हो म्हणालो. ऑर्डर हवी होती मला. आणि ‘जातो’चं ‘जाते’ करायला काय डोंगर फोडायचा होता?

घरी सवय करायला लागलो. आई पडवीत रहाटावर कांड्या भरत बसलेली होती. मी भिंतीकडं तोंड करून म्हणायला लागलो, “मी रोज सकाळी लवकर उठते. मी देवपूजा करते. मी शाळेला जाते. मुलींना शिकवते.”

आईनं रहाट थांबवला. “कोण गं ती?”

“कोण?”

“लवकर उठती, पूजा करती म्हणायलीस ती. कुणाची सून?”

मी हसत सुटलो. “अगं, माझंच सांगायलोय.”

“तुझं व्हय?” आई म्हणाली. “मला वाटलं कुणा परक्या बाईचं कौतुक करायलीस. आन् तू कवा गं देवपूजा केलीस?” तिनं रहाट पुन्हा चालू केला.

आई गमतीनं म्हणाली, पण माझ्या डोक्यात ते बसलं. मी पुन्हा हळूच म्हणून बघितलं. मी जाते. ती जाते. मी शिकवते. ती शिकवते. खरंच की, पुस्तकी बोलण्यात दोन्हीकडं शब्द तोच. ‘जाते’ म्हणताना मला वाटायचं की मी रस्त्याच्या पलीकडं उभी आहे आणि साडी नीट सावरत, मान खाली घालून चाललेल्या कुणा मनुबाईकडं बघतोय. लोक बघतात तसं. ‘जातो’ म्हटलं की मी माझ्यातच असायचो आणि पाय माझे चालायचे. पुण्यातल्या बायकांना असं होत नसेल, त्यांचं ‘जाते’ त्यांना जन्मापासून चिकटलेलं आहे, त्यांना ते लखलाभ. मला मात्र ते दुसरीचं पोलकं घातल्यासारखं काखेत काचायचं.

तरी मी सवय सोडली नाही. आठवडाभर शाळेत ‘येते, जाते, बघते’ करत फिरलो. मोठ्या बाई खूश झाल्या. त्यांनी आठवीच्या मुलींनाही तयार केलं. ज्या मुलींच्या घरी ‘जाते’ बोलतात त्यांना पुढच्या बाकांवर बसवलं. वडगाव, येळ्ळूर, अनगोळकडच्या मुली मागं. मागच्या मुलींनी पाहुणे असताना हात वर करायचा नाही असंही सांगून ठेवलं. मी तिथंच उभी होतो. काही बोललो नाही.

पाठाच्या आदल्या दिवशी पाहुणे आले आणि अप्पासाहेबांच्या बंगल्यावर उतरले. संध्याकाळी मला बोलावणं आलं, पाहुण्यांची ओळख करून घ्यायला. पाहुणे मनमिळाऊ होते. पांढरे केस, खादीचा झब्बा, सगळ्यांची चौकशी करायची हौस. आम्ही व्हरांड्यात बसलो, तेवढ्यात आतून अप्पासाहेबांची आई बायाक्का पोह्यांच्या बशा घेऊन आल्या.

बायाक्कांना मी लहानपणापासून ओळखत होतो. ते लोक येळ्ळूरला राहायचे तेव्हा वडिलांबरोबर मी त्यांच्याकडं लुगडं पोचवायला गेलो होतो. काय बाई होती ती! दारातूनच ओरडली होती, “ये गं पोरी, मी आत्ता भाकरी टाकायलोय, गरम खाऊन जा! मी काय तुला उपाशी लावून देतो व्हय?” शेतात चार गड्यांना पुरून उरायची. तिच्या आवाजानं अर्ध्या गल्लीला उठायची वेळ कळायची असं वडील म्हणायचे.

त्या बायाक्का आता बशा ठेवून बाजूला उभ्या राहिल्या. “पोहे आणल्यात,” एवढंच म्हणाल्या.

“आजी, बसा ना आमच्यात,” पाहुणे म्हणाले.

“असू द्या. आत काम हाय.”

“तुम्ही इथल्याच का?”

“येळ्ळूर.”

“शेती होती?”

“व्हय. हाय अजून.”

“मग आता इथं दिवसभर काय करता?” पाहुण्यांनी प्रेमानं विचारलं.

बायाक्कांनी तोंड उघडलं. “मी…” म्हणाल्या आणि थांबल्या. मुलाकडं बघितलं. अप्पासाहेब पोह्यातली मिरची बाजूला काढत होते. बायाक्का म्हणाल्या, “जातोय की दिवस,” आणि आत गेल्या.

पाहुण्यांना त्यात काही वाटलं नाही. मी मात्र बशी खाली ठेवली. पाणी प्यायचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेलो. बायाक्का ओट्याला टेकून उभ्या होत्या.

“बायाक्का, बरं न्हाय व्हय?” मी विचारलं.

“बरं हाय की.”

“मग बोलायला न्हाय काय?”

त्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. “आप्पाला लाज वाटती गं. सुनेच्या मैत्रिणी येत्यात, नातवंडं हसत्यात. ‘आज्जी, तू बाबा हैस काय?’ म्हंत्यात. लई डाव सुधारून बघितलं, तोंडात बसंना झालंय. मग म्हटलं, ‘मी’च नको. ‘मी’ म्हटलं की म्होरं चुकतंय. तवापास्नं ‘मी’ म्हणायचंच सोडलं. पोहे आणल्यात, च्या झालाय, पाणी ठेवलंय. भागतंय की.”

“असं किती दिवस झाले?”

“काय की. झाली असतील दोन-तीन वर्सं.” आणि मग त्या हसल्या, खरंच हसल्या, एखादी युक्ती सापडल्यासारख्या. “कुणाच्या ध्यानात सुदीक आलं न्हाय बघ.”

मी घरी आलो ते रागानं नुसती फणफणत होतो. आईनं विचारलं, “काय झालं?” तर तिच्यावरच ओरडलो. जेवलोही नाही. मला राहून राहून वाटत होतं की त्या बाईला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, बंगल्यात ठेवलंय, गादीवर निजवलंय, आणि तिचं ‘मी’ तेवढं काढून घेतलंय. तिनंही ते निमूट दिलं. पुन्हा त्यात तिला युक्ती वाटते! आणि मागच्या बाकावरच्या मुलींना हात वर करू नका सांगितलं तेव्हा मी तोंड मिटून उभी होतो, तेही त्यातलंच काम होतं. तरी सकाळी उठून मी ‘जाते, येते’ घोकतच शाळेला गेलो, हेही लपवत नाही. ऑर्डरचा मोह काही रात्रीत उतरत नसतो.

पाठ सुरू झाला. मागं खुर्च्यांवर पाहुणे, अप्पासाहेब आणि मोठ्या बाई. मी धडा वाचला, शब्दांचे अर्थ विचारले, पुढच्या बाकांवरचे हात वर आले, उत्तरं मिळाली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. माझ्या तोंडून ‘सांगते’ आलं, ‘वाचते’ आलं. मोठ्या बाई मान डोलावत होत्या.

मग पाहुणे उठले. “छान! आता मी मुलींना एक साधी गोष्ट विचारू का? प्रत्येकीनं स्वतःबद्दल एक वाक्य सांगायचं. तुम्ही रोज काय करता? बस्स, एवढंच.”

पुढच्या बाकांवरून एकेक उठायला लागली. “मी रोज सकाळी लवकर उठते.” “मी देवाला नमस्कार करते.” “मी आईला घरकामात मदत करते.” “मी रोज शुद्धलेखन लिहिते.” वाक्यं चोख होती. त्यातली एक म्हणजे ‘लवकर उठते’वाली मुलगी, ती रोज पहिल्या तासाला उशिरा यायची हे मला माहीत होतं.

“आणि मागच्या मुली?” पाहुणे म्हणाले. “तिकडून कुणीच नाही?”

मागं सगळ्या बाकाकडं बघत बसल्या होत्या. एक हात मात्र अर्धा वर आला आणि मोठ्या बाईंकडं नजर जाताच झटकन खाली गेला. येळ्ळूरची तानी. त्या पोरीचा हात खाली जाताना मला व्हरांड्यातल्या बायाक्का दिसल्या, तोंड उघडून मिटणाऱ्या. माझं डोकं पुन्हा भडकलं, आणि या वेळी बरं झालं भडकलं.

“तानी, ऊठ,” मी म्हणालो. “सांग.”

तानी उठली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. ती एका दमात म्हणाली, “मी पहाटे म्हशीला पाणी दाखवतो, धार काढतो, रतीब घालतो आन् तिथनं बांधानं चालत शाळेला येतो.”

पुढच्या बाकांवर खसखस पिकली. पाहुणेही हसले, पण मायेनं. “वा! केवढी कामं करते ही! पण बाळ, ‘येतो’ की ‘येते’? बाई, सांगा बरं तिला.”

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. तानीचे कान लाल झाले होते. मोठ्या बाई ओठांनीच मला ‘येते, येते’ असं सांगत होत्या. फार काही करायचं नव्हतं. एक शब्द उच्चारायचा, तानीनं तो मागून म्हणायचा, आणि मिरजेचं ऑपरेशन पक्कं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “बस, तानी.”

“बरोबर?” पाहुणे म्हणाले.

“व्हय. तुम्ही तिला स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. तिनं स्वतःबद्दल सांगितलं. या वर्गात आज तेवढं एकच वाक्य खरं आलंय.”

घंटा झाली आणि मला ऑफिसात बोलावलं गेलं.

मोठ्या बाई रडत होत्या. मी त्यांचा विश्वासघात केला असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर केलाच होता. पाहुणे मला समजावत होते. बोली गोड असते, घरी खुशाल बोलावी, पण शाळेत प्रमाणभाषा हवी, वगैरे. ते सगळं बी.एड.ला मी स्वतः लिहून मार्क घेतले होते. मी म्हणालो, “लिहायला मी मुलींना ‘येते’च शिकवतो, सर. त्यांच्या वह्या बघा. पण स्वतःबद्दल तोंड उघडायच्या आधी पोरींना भीती वाटायला लागली तर त्या शुद्ध बोलणार नाहीत. त्या बोलणारच नाहीत.”

“असं कुठं होतं का?” पाहुणे म्हणाले.

“होतं. काल तुमच्यासमोर झालं.” मी अप्पासाहेबांकडं वळलो. “तुमच्या आईनं ‘मी’ म्हणायचं सोडलंय, साहेब. दोन-तीन वर्षं झाली. तुमच्या लक्षात आलंय का?”

अप्पासाहेब खुर्चीत ताठ झाले. “माझ्या आईचा इथं काय संबंध?”

“चुकतं म्हणून सोडलंय. ‘मी आणतो’ म्हटलं की तुम्हाला लाज वाटते, म्हणून ‘पोहे आणल्यात’ म्हणतात. येळ्ळूरला त्यांचा आवाज गल्लीभर ऐकू यायचा.”

अप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ती आता कमीच बोलते,” ते म्हणाले. “वय झालंय तिचं.” पण माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत, टेबलाकडं बघून म्हणाले.

शेवटी पाहुण्यांनीच तोड काढली. “हे बघा, गोष्ट एवढीशी आहे. ताणू नका. मुलींसमोर चुकीचं ते बरोबर म्हटलं गेलं, तेवढं दुरुस्त झालं की संपलं. आत्ता वर्गावर चला. मुलींना सांगा की मघाशी मी चुकले. दोन शब्द. मी माझ्या अहवालात यातलं काही लिहिणार नाही.”

मोठ्या बाईंनी डोळे पुसले. “म्हणा हो, मनुबाई. ‘मी चुकले’ म्हणा. घरचा विचार करा.”

नोकरीचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. नोकरी गेली. जूनमध्ये मला पुन्हा घेतलं नाही. मिरजेचं ऑपरेशन मागं पडलं, आणि पुढं झालं तेव्हा एकाच डोळ्याला गुण आला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण वडिलांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. वर्षभर मी आईबरोबर कांड्या भरल्या, मग येळ्ळूरच्या एका शाळेत जागा निघाली, आज तिथंच शिकवतोय. अप्पासाहेब बाजारात दिसले तर मान फिरवतात. बायाक्का पुन्हा ‘मी’ म्हणायला लागल्या की नाही हे मला कळलं नाही. त्या बंगल्यात मला नंतर कुणी बोलावलं नाही.

पण त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. “चला,” मी म्हणालो आणि उठलो. मोठ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही चौघं व्हरांड्यातून आठवीच्या वर्गाकडं गेलो. ते तिघे दारात थांबले, मी आत जाऊन टेबलाजवळ उभी राहिलो. मुली उठल्या, मी त्यांना बसवलं. मागच्या बाकावर तानी माझ्याकडं बघत नव्हती. आता काय होणार हे तिला कळलं होतं असं तिच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं.

“मुलींनो, इकडं बघा,” मी म्हणालो. “तानी, तू पण.”

तिनं मान वर केली.

“मघाशी मी तानीचं वाक्य बरोबर आहे म्हटलं. त्यावर तुम्हाला दोन शब्द सांगायला मला पाठवलंय. तर नीट ऐका.” मी दाराकडं बघितलं, आणि मग त्यांच्याकडं.

“मी चुकलो न्हाय.”